पीआर सोपा असल्याची बातमी उशिरा पोचते

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुण मोजून कुशल लोकांना बोलावणाऱ्या योजनेत, कधी नव्हे ते घडलं. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवर मिळणाऱ्या सीआरएस गुणांचा एरवी साडेचारशेच्या आसपास थांबणारा कटऑफ त्या दिवशी ७५ वर आला आणि २७,३३२ जणांना कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करायचं निमंत्रण गेलं. कारण साधं होतं. कोविडमुळे सीमा बंद होत्या, बाहेरून माणसं येत नव्हती आणि त्या वर्षी चार लाखांवर लोकांना पीआर द्यायचं उद्दिष्ट तर सरकारने जाहीर करून ठेवलं होतं. मग आधीच देशात राहून काम करणाऱ्यांना एका झटक्यात बोलावून घेतलं. असा योग पुन्हा येण्यासारखा नव्हता.

ही बातमी आपल्याकडे आली तेव्हा तिच्यातलं कारण वाटेतच गळून गेलं होतं. उरलं ते एवढंच, की कॅनडात पीआर पटकन मिळतो. ते ऐकून एखाद्या मुलाने २०२१ च्या अखेरीस आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावला, २०२२ मध्ये अर्ज केले आणि जानेवारी २०२३ च्या इनटेकला ओंटारिओतल्या एखाद्या कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला, असं धरू. तो शिकत असतानाच, जानेवारी २०२४ मध्ये, कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ सालच्या पीआरचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुणही काढून टाकले. हा मुलगा डिप्लोमा संपवून वर्षभर काम करून रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्या वर्गवारीचा कटऑफ पाचशेच्या वर असतो. त्याला कुणी फसवलं असेलच असं नाही. ज्या नियमावर विसंबून त्याने देश निवडला, तो नियमच त्याच्या आधी निवृत्त झाला.

परदेशी शिक्षणासाठी देश निवडताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘पीआर कुठे सोपा?’ माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच उलटा आहे. ज्या देशात पीआर सोपा असल्याची ख्याती साताऱ्या-सांगलीपर्यंत पोचली, त्या देशात तो कडक व्हायची वेळ जवळ आलेली असते. हा दैवाचा खेळ नव्हे. गर्दी होते म्हणून दार लावलं जातं, आणि गर्दी होते ती दार उघडं असल्याची बातमी पसरते म्हणून.

ऑस्ट्रेलियात हे सगळं पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. टंचाई असलेल्या व्यवसायांच्या यादीत तेव्हा आचारी आणि केशकर्तनकार होते आणि त्या विषयांचे कोर्स केले की पीआरसाठी गुण मिळत. बघता बघता मेलबर्न आणि सिडनीत स्वयंपाक व केशरचना शिकवणाऱ्या खासगी संस्थांचं पेव फुटलं. तिथे दाखल झालेल्यांत भारतीय विद्यार्थी हजारोंनी होते, आणि त्यातल्या अनेकांना ना स्वयंपाकात रस होता ना केस कापण्यात. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती यादीच रद्द केली. मुलं वर्गात होती, फी भरलेली होती आणि ज्यासाठी भरली ते कारण उरलं नव्हतं. दोनच वर्षांनी, एप्रिल २०१२ मध्ये, ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा बंद केला. जुलै २०२१ मध्ये तो ग्रॅज्युएट रूट या नावाने परत आला, गर्दी झाली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून मास्टर्स करणाऱ्यांसाठी त्याची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर येणार आहे. देश वेगळे, पक्ष वेगळे, पण क्रम तोच. आधी विद्यापीठांना फीचा पैसा हवा असतो आणि मालकांना माणसं. मग घरभाडी वाढतात, स्थानिक मतदार चिडतो, निवडणूक जवळ येते. परदेशी विद्यार्थ्याला तिथे मत नसतं, त्यामुळे कात्री पहिली त्याच्यावर चालते.

‘शिकायला जाताय की राहायला?’ असं हिणवून विचारणाऱ्यांशी माझं जमत नाही. राहायचं म्हणून शिकायला जाणं यात गैर काहीही नाही. ज्या मुलीने अभियांत्रिकी करून तीन वर्षं कंत्राटी नोकरीत काढली, ज्या मुलाने स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट बघत पंचविशी ओलांडली, त्यांना नियमित पगार, स्वच्छ हवा आणि जात न विचारणारा शेजार हवासा वाटला तर त्यांच्या देशप्रेमाची परीक्षा घेणारे आपण कोण? लबाडी व्यवस्थेतच आहे. ऑस्ट्रेलिया मार्च २०२४ पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याकडून ‘मी तात्पुरताच येतोय’ असं पटवून देणारं निवेदन लिहून घेत होता आणि त्याच वेळी प्रादेशिक भागात शिकल्याबद्दल पीआरच्या परीक्षेत जादा गुणही देत होता. अमेरिकेचा कायदा तर आजही विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला परत जायचा इरादा सिद्ध करायला लावतो. बाविसाव्या वर्षी खोटं लिहायला लावलं की पुढची बोलणीही कुजबुजत होतात. आईबाप, कन्सल्टंट, बँक, सगळ्यांना खरा हेतू ठाऊक असतो, पण तो टेबलावर कुणी मांडत नाही. म्हणून त्याचा हिशेबही कुणी करत नाही.

तो हिशेब उघडपणे करायचा तर मी सोपी वाट न शोधता स्वतःला पेलेल अशी अवघड वाट शोधायला सांगेन. जी अडचण मेहनतीने ओलांडता येते आणि जी बहुतेकांना नकोशी वाटते, तिच्या पलीकडे गर्दी कमी असते, आणि तिथले नियम बदलले तरी हळू बदलतात.

भाषा ही अशा अडचणींतली सगळ्यात मोठी. कॅनडाचंच पाहा. मार्च २०२५ मध्ये फ्रेंच येणाऱ्यांसाठी झालेल्या एका ड्रॉचा, म्हणजे निमंत्रणांच्या फेरीचा, कटऑफ ३७९ होता, तर कॅनडात काम केल्याच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्यांचा त्याच वर्षीचा कटऑफ ५०० च्या वर. दोघांमधला फरक दीड-दोन वर्षं नेटाने केलेल्या फ्रेंचचा आहे. तरी आपल्याकडे पंचवीस लाख फी भरायची तयारी असते आणि फ्रेंचचं पुस्तक उघडायची नसते.

जर्मनीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींसाठी मला हा देश सगळ्यांत विचारार्ह वाटतो. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी बहुतांशी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे, पण हे अपवाद. राहण्या-जेवणासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे ढोबळमानाने २५ लाख रुपये, आणि ते पैसे फीत जात नाहीत, दरमहा तुमच्याच हातात येतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला पात्रतेच्या नोकरीत दोन वर्षं काढल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, फक्त पेन्शनचा भरणा नियमित हवा आणि जर्मन बी-१, म्हणजे मध्यम, पातळीची हवी. या वाटेत लॉटरी नाही, दर पंधरवड्याला वरखाली होणारा कटऑफ नाही आणि देशनिहाय कोटाही नाही.

मग सगळेच का जात नाहीत? एक तर भाषा. मास्टर्स इंग्रजीत होतं, पण पुढच्या नोकरीच्या मुलाखती बऱ्याचदा जर्मनमध्ये होतात, आणि बी-१ वर परवाना मिळत असला तरी चांगल्या नोकरीला त्याच्या वरची बी-२ लागते. इंग्रजी कोर्सच्या भरवशावर जाऊन तिथे भाषा टाळणारी मुलं दोन वर्षांनी गोदामात खोकी उचलताना दिसतात, हेही खरं. शिवाय तिथलं वाहन क्षेत्र सध्या आजारी आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचा करार केला, तेव्हा चाकणमध्ये ज्या नावांची सवय आहे त्या नावांवर डोळे झाकून भिस्त ठेवू नये. नागरिकत्वाच्या नियमाचंही तेच. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद जून २०२४ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गेली. तिच्या जोरावर ज्यांनी योजना आखल्या त्यांतल्या अनेकांना ती वापरायलाही मिळाली नाही. भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२२-२३ मध्ये चिन्यांच्या पुढे गेली, म्हणजे इथेही गर्दी सुरू झाली आहे. भाषेचा उंबरठा ती गर्दी चाळून घेईल असा माझा अंदाज आहे. पुण्यात तर या उंबरठ्याची तयारी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधले विद्यापीठाचे वर्ग आहेत, कितीतरी शाळांत आठवीपासून जर्मन घेता येते. २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हाही पहिला प्रश्न तरुणांना जर्मन शिकवायची कशी हाच होता. हे भांडवल हाताशी असताना इथली मुलं भाषा नको म्हणून दुसरीकडे तिप्पट पैसे मोजतात याचं मला वाईट वाटतं.

दुसरी अडचण व्यवसायाच्या नोंदणीची. ऑस्ट्रेलियात परिचारिका किंवा शिक्षक व्हायचं तर नोंदणी मंडळाच्या अटी पार कराव्या लागतात. शिक्षकांच्या पात्रता तपासणीत आयईएलटीएसच्या बोलण्या-ऐकण्यात ८ आणि लिहिण्या-वाचण्यात ७ लागतात. मात्र आजाऱ्याची शुश्रूषा करणारी आणि वर्गात उभी राहणारी माणसं कुठल्याही सरकारला लागतातच. ‘बिझनेस मॅनेजमेंट’ नावाच्या डिप्लोमाला अशी गरज नसते. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडाने कॉलेजांच्या कोर्सपुरता विषयाचा निकष लावला, तेव्हा शिक्षणानंतरच्या वर्क परमिटच्या यादीत आरोग्य, शेती, बांधकामाची कौशल्यं, विज्ञान-तंत्रज्ञान असे विषय आले आणि सर्वसाधारण व्यवस्थापनाचे कोर्स बाहेर राहिले. विद्यापीठांच्या पदव्यांना हा निकष लागला नाही. ज्यांनी स्वस्तातला आणि सोपा कोर्स ‘पीआरसाठीच तर आहे’ म्हणून घेतला, फटका त्यांनाच बसला.

अमेरिका या चौकटीत बसत नाही, कारण तिथली अडचण मेहनतीने ओलांडता येत नाही. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला वाटा साधारण ७ टक्के. हा नियम १९९० च्या कायद्याचा आहे आणि तो तुमचा जन्म कुठे झाला एवढंच पाहतो. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या ईबी-२ या उच्चपदवीधरांच्या वर्गात २०१३ साली रांगेत लागलेल्यांचे अर्ज निघत होते. त्यांच्यामागच्या रांगेत माणसं कितीतरी पटींनी जास्त आहेत. म्हणून अमेरिकेला जायचं तर तिथल्या विद्यापीठासाठी जावं, संशोधनासाठी जावं, स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, पदवीनंतर मिळणाऱ्या तीन वर्षांच्या पगारासाठी जावं. ग्रीन कार्डासाठी जायचा काळ आपल्या मुलांपुरता संपला आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

देशाची आणखी एक परीक्षा आहे, ती कुणी घेताना दिसत नाही. नियम बदलला तेव्हा आधीच आत आलेल्यांचं त्या देशाने काय केलं? गोव्यातल्या अनेक कुटुंबांनी १९६१ पूर्वीच्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट घेतले आणि त्यावर ती ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला, स्थायिक झाली. ब्रेक्झिटने तो रस्ता ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, पण त्याआधी तिथे राहायला गेलेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. हा बदल सुसंस्कृत पद्धतीने झाला. त्याच ब्रिटनने २००६ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांचे नियम मागल्या तारखेने बदलले होते आणि २००८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. आता २०२५ पासून कायम वास्तव्याची अट पाच वर्षांवरून दहावर न्यायचा घाट तिथे घातला आहे, आणि तो आधीच आलेल्यांनाही लागू करायचं सरकार म्हणतं. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी कर्ज काढून ब्रिटनला जाणाऱ्याने हे वाचूनच सही करावी. पीआरचा हेतू असेल तर आजच्या घडीला ब्रिटन मी यादीत शेवटी ठेवीन. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांताने २०२४ मध्ये आपल्या नामनिर्देशनाचे, म्हणजे पीआरसाठी माणसं सुचवण्याचे, नियम बदलले, तेव्हा तिथे दुकानांत आणि उपाहारगृहांत काम करणाऱ्या भारतीय पदवीधरांनी शार्लटटाउनमध्ये उपोषण केलं. त्यांतली अनेक मुलं पीआरच्या आशेनेच तिथे येऊन राहिली होती, हे विसरू नये.

मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळलं आहे, म्हणून एक बाजू मला जास्त टोचते. शेतजमीन या कर्जाला बहुतेक बँका तारण घेत नाहीत. मग शेत विकून शहरातला फ्लॅट घेतला जातो आणि फ्लॅट गहाण पडतो, किंवा मामाचा बिनशेती प्लॉट तारणाला लागतो आणि मामा सहकर्जदार होतो. मुलाच्या पीआरवर पाच-सहा माणसांची झोप अवलंबून राहते. ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं तर शिक्षण आणि नंतरची सवलतीची मुदत संपेपर्यंत व्याजासकट ते ४८ लाखांच्या घरात जातं, आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला सुमारे ६५ हजार पडतो. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला तो जमतो. पीआर न मिळता पुण्याला परतलेल्या पोराचा सगळा पगार त्यात जातो आणि तरी पुरत नाही. त्यामुळे घरी बसून हिशेब करताना पीआर मिळालाच नाही असं धरून करावा. परत येऊन जो हप्ता भरता येईल तेवढंच कर्ज, आणि तेवढ्या कर्जात जी पदवी इथेही चालेल ती पदवी. या चाळणीतून बरेच देश आणि बहुतेक डिप्लोमे आपोआप गळून पडतात. जे उरतात त्यात मग पीआरचा विचार जरूर करावा.

आणि हे सांगायचं कुणी? फर्ग्युसन रस्त्यापासून नाशिकच्या कॉलेज रोडपर्यंत कन्सल्टंटच्या पाट्या आहेत. त्यातले कितीतरी प्रामाणिक आहेत. पण ‘आमची सेवा मोफत’ म्हणणाऱ्याचा पैसा बहुधा पलीकडच्या कॉलेजकडून येतो, पहिल्या वर्षाच्या फीतला ठरलेला टक्का. फी जितकी जास्त तितका टक्का मोठा. जर्मनीची सरकारी विद्यापीठं असं कमिशन सहसा देत नाहीत. म्हणून अशा कार्यालयात जर्मनीबद्दल विचारलं की पुष्कळदा बर्लिनमधल्या एखाद्या खासगी, महागड्या विद्यापीठाचं माहितीपत्रक पुढे येतं. मुलाचं गुणपत्रक पाहून दिलेला सल्ला आणि कमिशन पाहून दिलेला सल्ला यांतला फरक एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कळणार नाही, त्याच्या शेतकरी वडिलांना तर नाहीच.

पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून परदेशी पाठवणाऱ्या एजंटांना, सल्लागारांना आणि आयईएलटीएसच्या क्लासनाही परवाना सक्तीचा केला. तिथे त्याची अंमलबजावणी ढिली राहिली आणि २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडाला गेलेल्या मुलांचं प्रकरण उघडकीस आलंच. तरी तक्रार कुणाकडे आणि कशाच्या आधारे करायची, हे त्या कायद्याने ठरवून दिलं. महाराष्ट्राने त्याच्या पुढचं पाऊल टाकावं. कन्सल्टंटला कुठल्या संस्थेकडून किती टक्के मिळतात हे विद्यार्थ्याला लेखी देणं बंधनकारक करावं आणि जाहिरातीत पीआरची हमी दिली तर परवाना रद्द करावा. बँकांनीही कर्ज मंजूर करताना दोन हप्त्यांचा कागद सहकर्जदाराच्या हातात मराठीत द्यावा, एक तिथल्या पगारावरचा आणि एक इथल्या. मामाने त्या कागदावर सही करण्यापूर्वी दुसरा आकडा मोठ्याने वाचला गेला पाहिजे.